प्लेगची रेघ : मुंबईच्या एका साथीतून निघालेले गणित

गणपतीच्या पायाशी बसलेल्या मूषकाच्या कानात मुले हळूच आपले मागणे सांगतात. आमच्या आजीला मात्र उंदीर म्हटला की वेगळेच आठवे. तिच्या लहानपणी घरोघरी दोन शब्दांची धास्ती होती : ‘उंदीर पडला’. माळ्यावर, कोठीत, न्हाणीघराच्या कोपऱ्यात उंदीर मरून पडलेला दिसला की भांडी-अंथरुणे बांधायची, दाराला कुलूप लावायचे आणि गावाबाहेर झोपडीत जाऊन राहायचे. आजी शाळेत गेली नव्हती. पण उंदीर आधी मरतो आणि माणूस मागून, हे तिच्या पिढीला पक्के ठाऊक होते.

मी नोकरीभर संख्याशास्त्र शिकवले. २०२० च्या टाळेबंदीत आमच्या नातीने टीव्हीवरचा आलेख दाखवून विचारले, “आजोबा, ही घंटेसारखी रेघ आली कुठून? पुढच्या महिन्यात किती माणसं आजारी पडणार हे गणिताला आधीच कसं कळतं?” मी तिला समीकरण समजावून सांगितले. पण ‘आली कुठून’ या प्रश्नाचे उत्तर समीकरणात नव्हते. ते शोधत गेलो तर त्या रेघेचा पत्ता मुंबईचा निघाला. काळ डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६. म्हणजे आजीच्याच प्लेगचा. आज तीच रेघ अफवांच्या अभ्यासात, बाजाराच्या अंदाजात आणि संगणकाच्या व्हायरसमध्येही भेटते. तिची ही हकीकत.

मांडवीतला ताप

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात, बंदराजवळच्या धान्याच्या गोदामांच्या आसपास, माणसे तापाने आणि काखेत-जांघेत येणाऱ्या गाठींनी पटापट मरू लागली. हा गाठीचा प्लेग आहे, असे निदान डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी केले. हे डॉक्टर मूळचे गोव्याचे. पाहता पाहता साथ शहरभर पसरली, लोक मिळेल त्या वाटेने बाहेर पडू लागले आणि त्यांच्याबरोबर रोगही गावोगाव गेला.

पुढचा इतिहास मराठी घरांत सर्वांना माहीत आहे. पुण्यात घरांची झडती, रोग्यांना उचलून नेणे, देवघरात बुटांनिशी शिरणारे सोजीर, आणि २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर झाडलेल्या गोळ्या. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करता करता प्लेगनेच गेल्या. साथ मात्र एका वर्षात संपली नाही. ती दर हिवाळ्यात उठे आणि पावसाळ्याच्या तोंडाशी उतरे. पुढच्या दोन-तीन दशकांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे तिने नेली. आपल्यापैकी अनेकांच्या वंशावळीत त्या काळात एकाच वर्षी दोन-तीन नावे संपलेली दिसतील.

या काळातली एक गोष्ट आपल्या बडोद्याची आहे आणि ती इथे सांगायलाच हवी. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. पण लस खरोखर उपयोगी पडते हे सिद्ध कसे करायचे? टोचून घेणारे बहुधा शिकले-सवरलेले, बऱ्या घरांत राहणारे. ते वाचले तर श्रेय लशीचे की घराचे? याचा निकाल लागला बडोदे संस्थानातल्या उंडेरा गावात. बडोदे शहर आज त्या गावाला जाऊन भिडले आहे. फेब्रुवारी १८९८ मध्ये, प्लेग गावात शिरलेला असताना, तिथे कुटुंब हे माप धरले गेले. प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना लस टोचायची, निम्म्यांना नाही. घर तेच, अन्न तेच, उंदीरही तेच. फरक फक्त टोचणीचा.

पुढे २८ कुटुंबांत प्लेग आला. या घरांतल्या टोचलेल्या ७१ माणसांपैकी ३ दगावली. न टोचलेल्या ६४ पैकी २६ दगावली. हे आकडे मी वर्गात अनेक वर्षे सांगितले. तुलना करायची तर ती कशी बेतावी, याचा इतका स्वच्छ नमुना त्या काळात विरळाच. पण वाचताना हेही विसरता येत नाही, की ते २६ जण आपल्या टोचलेल्या भावा-बहिणींच्या, आई-वडिलांच्या डोळ्यांदेखत गेले.

नोंदवहीतले आठवडे

प्लेग उंदरावरच्या पिसवांमधून माणसाला होतो, असे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून मांडले. तेव्हा फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. १९०५ मध्ये नेमलेल्या संशोधन आयोगाने मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत हे पुन्हा तपासले. पिसवांना ओलांडता येऊ नये म्हणून भोवती चिकट कागद लावलेल्या पिंजऱ्यांतले प्राणी वाचले. तसे संरक्षण नसलेले प्लेगने मेले. आजीच्या पिढीचा ‘उंदीर पडला’ हा ठोकताळा अशा रीतीने शास्त्राच्या पुस्तकात गेला.

याच काळात मुंबई बेटावरच्या प्लेगमृत्यूंची आठवड्यागणिक नोंद होत होती. १७ डिसेंबर १९०५ पासून २१ जुलै १९०६ पर्यंतचे आकडे ओळीने मांडले तर आधी थोडे, मग वाढत वाढत एप्रिलच्या मध्याला आठवड्याला नऊशेच्या घरात, आणि मग तसेच उतरत जाणारे. या आकड्यांकडे वीस वर्षांनी, हजारो मैल दूर एडिंबरोमध्ये, दोन माणसांनी पाहिले.

कसौलीचा डॉक्टर आणि गावची विहीर

त्यांतला पहिला अँडरसन मॅकेंड्रिक. हा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला डॉक्टर. तरुणपणी, १९०१ मध्ये, तो रोनाल्ड रॉस यांच्याबरोबर सिएरा लिओनला हिवतापाच्या मोहिमेवर गेला होता. हे तेच रॉस, ज्यांनी ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले. रॉस यांना गणिताचे वेड होते. हिवताप हटवायला एकूण एक डास मारावा लागत नाही, डासांची संख्या एका मर्यादेखाली आणली तरी पुरते, हे त्यांनी गणिताने दाखवले. १९१६ च्या सुमारास त्यांनी त्याही पुढे जाऊन एक व्यापक विचार मांडला. माणसांच्या बाबतीत घडणाऱ्या घटना दोन प्रकारच्या. अपघातासारख्या काही घटना आधी किती जणांना झाल्या यावर अवलंबून नसतात. दुसऱ्या असतात. संसर्गजन्य रोग हे त्याचे उदाहरण. पण पंथांचा प्रसार, संघटनांचे सभासद वाढणे, राजकीय पक्ष हेही त्यातच मोडतात, असे रॉस यांनी लिहून ठेवले. आपल्या मंडळाची वर्गणीदारांची यादी कशी वाढते ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे पटायला हरकत नाही!

रॉसमुळे मॅकेंड्रिकला गणिताची गोडी लागली. कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम करून, प्रकृती बिघडल्यावर १९२० मध्ये तो एडिंबरोला परतला आणि तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या प्रयोगशाळेचा प्रमुख झाला. १९२६ मध्ये त्याने एक लेख लिहिला. त्यात हिंदुस्थानातल्या एका खेड्यातल्या पटकीच्या साथीचे आकडे आहेत. गणिती प्रतिमान, म्हणजे आपण बोलताना ज्याला मॉडेल म्हणतो ते, नेमके काय काम करते हे मला यापेक्षा सोप्या उदाहरणाने सांगता येत नाही.

त्या खेड्यात २२३ घरे. त्यांपैकी १६८ घरांत एकही रोगी नाही. ३२ घरांत एकेक, १६ घरांत दोन-दोन, ६ घरांत तीन-तीन आणि एका घरात चार रोगी. एकूण रोगी ८६. वरवर पाहता यात विशेष काही नाही. पण समजा, रोगाचा धोका सर्व २२३ घरांना सारखाच होता आणि कोण आजारी पडेल हा निव्वळ योगायोग होता. मग हिशेबाने एकच रोगी असलेली घरे सुमारे ५८ निघायला हवीत, आणि दोन किंवा अधिक रोगी असलेली सुमारे १३. प्रत्यक्षात ती होती ३२ आणि २३. म्हणजे रोग काही घरांत गोळा झाला होता.

मॅकेंड्रिकने गणित उलटे फिरवले. रोगी निघालेल्या ५५ घरांतला हा पसारा पाहता, मुळात धोका किती घरांना असला पाहिजे? उत्तर आले ९३. बाकीच्या १३० घरांना धोका नव्हताच. यावरून त्याने तर्क केला, की रोग पाण्यातून आला असावा, गावात एकाहून अधिक विहिरी असाव्यात आणि ही ९३ घरे एकाच दूषित विहिरीचे पाणी पीत असावीत. गावात चौकशी केली तेव्हा तशी एक विहीर निघाली. वस्तीतला ठरावीक भाग तिचेच पाणी भरत होता.

गणिताने विहीर पाहिली नव्हती. कुठे पाहायला हवे, तेवढे त्याने सांगितले. पाहायला कुणीतरी जावे लागले. पुढच्या सगळ्या कथेत ही विहीर लक्षात ठेवावी, अशी माझी वाचकांना विनंती आहे.

तीन खोल्यांचे घर

दुसरा माणूस विल्यम ओगिल्वी कर्मॅक. हा रसायनशास्त्रज्ञ. १९२४ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्याच प्रयोगशाळेत स्फोट होऊन त्याचे दोन्ही डोळे गेले. त्यानंतरचे सारे काम त्याने दुसऱ्यांकडून वाचून घेऊन, मनात मांडणी करून आणि सांगून लिहवून केले. मॅकेंड्रिक आणि कर्मॅक यांनी मिळून १९२७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात साथींच्या गणितावर लेख प्रसिद्ध केला. आज जगातल्या साथींच्या बहुतेक प्रतिमानांचे मूळ या लेखापर्यंत नेता येते.

त्यातली कल्पना सांगायला फार सोपी. एका मोठ्या घराला तीन खोल्या आहेत अशी कल्पना करा. पहिल्या खोलीत अजून रोग न झालेले, पण होऊ शकेल असे लोक. दुसरीत आजारी आणि दुसऱ्याला रोग देऊ शकणारे. तिसरीत जे बरे होऊन सुरक्षित झाले किंवा दगावले, म्हणजे आता या खेळातून बाहेर पडलेले. पहिलीतून दुसरीत किती जण जातील, हे दोन्ही खोल्यांतली माणसे एकमेकांना किती भेटतात यावर ठरते. दुसरीतून तिसरीत रोज ठरावीक प्रमाणात लोक जातात. बस्स, एवढेच. मग पहिल्या दिवशी एक रोगी धरून हिशेब दिवसामागून दिवस चालवत न्यायचा.

या साध्या मांडणीतून दोन गोष्टी निघाल्या. पहिली, साथीला एक उंबरठा असतो. एक रोगी सरासरी तिघांना रोग देत असेल आणि लोकांपैकी दोन तृतीयांश आधीच सुरक्षित असतील, तर त्या तिघांतल्या दोघांना काही होत नाही. एक रोगी एकच नवा रोगी करतो आणि साथ वाढू शकत नाही. यासाठी शंभरातल्या शंभरांना लस टोचावी लागत नाही. दुसरी गोष्ट, साथ थांबते तेव्हा सर्वांना रोग होऊन गेलेला असतो असे नाही. एक रोगी दोघांना रोग देत असेल तर साथ आपोआप संपेपर्यंत शंभरातल्या सुमारे ऐंशींना ती गाठते आणि वीस जण तसेच राहतात. ते जास्त सशक्त असतात असे नव्हे. त्यांच्या वाट्याला येणारा रोगी आधीच तिसऱ्या खोलीत गेलेला असतो.

आता आपले गणित ताडून पाहायला त्यांना खऱ्या साथीचे आकडे हवे होते. त्यांनी मुंबईचा १९०५-०६ चा प्लेग घेतला. गणिताची रेघ काढली. तिचे टोक सतराव्या आठवड्यात, आठवड्याला ८९० मृत्यूंवर आले. नोंदवहीतले ठिपके त्या रेघेच्या अंगाला अंग लावून बसले. पाठ्यपुस्तकांत ही आकृती आजही छापतात.

रेघ जुळली, म्हणजे काय झाले?

इथे मी वर्गात नेहमी थांबत असे. विद्यार्थी रेघ आणि ठिपके जुळलेले पाहून खूश होतात; मीही पहिल्यांदा झालो होतो. पण त्या लेखकद्वयाने आकृतीखालीच आपली बाजू उघड करून ठेवली आहे. माणसांचा प्लेग म्हणजे उंदरांच्या प्लेगची सावली, हे त्यांना ठाऊक होते. आपण धरून चाललेल्या गोष्टी त्यांनी एकेक करून मांडल्या : बेटावरच्या सर्व उंदरांना रोगाचा धोका सारखाच, रोग लागण्याचे आणि मरण्याचे प्रमाण सर्व आठवडे तेच, पिसवा इतक्या मुबलक, की रोग जणू थेट स्पर्शानेच पसरतो. यांतले एकही गृहीत काटेकोरपणे खरे नाही, म्हणून ही रेघ फार ढोबळ समजावी आणि तिच्यातून निघणाऱ्या आकड्यांवरून निष्कर्ष काढू नयेत, अशी समज त्यांनी स्वतःच देऊन ठेवली.

पुढे आकृती प्रसिद्ध झाली आणि समज मागे पडली. २०१२ मध्ये निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञाने तिच्याकडे पुन्हा लक्ष वेधले. त्याचा मुद्दा साधा आहे आणि आजीलाही कळला असता. मुंबईचा प्लेग १९०६ च्या जुलैत संपला तो रोग लागण्याजोगे उंदीर उंबरठ्याखाली गेले म्हणून, असे हे गणित सांगते. मग पुढच्या हिवाळ्यात तो परत का आला? आणि त्याच्याही पुढच्या? दरवर्षी डिसेंबरच्या सुमारास चढणारी आणि जुलैपर्यंत उतरणारी साथ ऋतूच्या तालावर चालते. हवामानाचा हात त्यात धरलाच पाहिजे. पिसवांना उन्हाळा मानवत नाही. १९२७ च्या समीकरणात ऋतूला जागाच नव्हती. तरीही रेघ जुळली होती.

एकच आकार वेगवेगळ्या कारणांनी तयार होऊ शकतो. रेघ जुळली म्हणजे कारण सापडले असे नाही, हा धडा या आकृतीत पहिल्या दिवसापासून होता.

रेघ निघाली प्रवासाला

रॉस यांनी पंथांच्या आणि पक्षांच्या प्रसाराची जी गोष्ट काढली होती ती १९६० नंतर फळाला आली. १९६४ मध्ये विल्यम गॉफमन आणि व्हॉन न्यूविल यांनी साथीचे गणित कल्पनांच्या प्रसाराला लावले. नवी कल्पना अजून न ऐकलेले, ती घेऊन लिहिणारे-बोलणारे आणि तिच्यातून मन काढून घेतलेले, अशा त्याच तीन खोल्या. पुढे गॉफमन यांनी वैद्यकातल्या एका विशिष्ट पेशीवरचे संशोधन वर्षानुवर्षे कसे वाढत गेले ते या पद्धतीने मांडले. १९६९ मध्ये फ्रँक बास यांनी नवीन वस्तू बाजारात कशी पसरते याचे प्रतिमान दिले. काही जण स्वतःहून घेतात; बाकीचे शेजाऱ्याकडे पाहून घेतात. गल्लीतल्या पहिल्या रंगीत टीव्हीभोवती ज्यांनी आपले बालपण घालवले, त्यांना शेजाऱ्याकडे पाहून म्हणजे काय हे समजावून सांगावे लागणार नाही. १९९१ मध्ये जेफ्री केफार्ट आणि स्टीव्ह व्हाइट यांनी संगणकाच्या व्हायरसला हेच गणित लावले. नावच रोगाचे, त्यामुळे तिथे ते शोभूनही दिसले.

यांतले माझे आवडते उदाहरण अफवेचे. डॅरिल डेली आणि डेव्हिड केंडल यांनी १९६४ मध्येच ते मांडले. त्यांनी साथीचे समीकरण जसेच्या तसे उचलले नाही, हे महत्त्वाचे. रोगी बरा होतो तो आपल्या आपण, ठरावीक दिवसांनी. अफवा सांगणारा मात्र थांबतो तो, समोरचा ‘अहो, हे आम्हाला कालच कळलं’ असे म्हणतो तेव्हा. सांगण्यातली मजाच जाते. म्हणून त्यांनी दुसऱ्या खोलीतून तिसरीत जाण्याचा नियम बदलला. नियम बदलताच निकालही बदलला : रोगाला जो उंबरठा असतो तो अफवेला उरत नाही. ती सुरू झाली की पसरतेच. पण या गणिताप्रमाणे तीसुद्धा सर्वांना गाठत नाही; शंभरातल्या सुमारे वीस जणांपर्यंत ती पोचतच नाही.

२१ सप्टेंबर १९९५ चा दिवस आपल्यातल्या अनेकांना आठवत असेल. गणपती दूध पितो ही वार्ता त्या दिवशी सकाळपासून देशभर गेली आणि परदेशातल्या देवळांपर्यंतही पोचली. तिच्यामागे श्रद्धा किती आणि दुधाचा पृष्ठताण किती, हा वाद इथे काढायचा नाही. बहुतेकांच्या हातात मोबाइल नसताना, केवळ फोन आणि तोंडोतोंडी, एक बातमी एका दिवसात एवढी दूर गेली. दुसऱ्या दिवशी ती सांगायला कुणी उरले नव्हते, कारण ऐकायचे कुणी राहिले नव्हते. डेली आणि केंडल यांच्या गणिताची आठवण मला त्या दिवशी दूध घेऊन लागलेल्या रांगेकडे पाहताना झाली होती.

अफवेचे हे उदाहरण का आवडते, तर तिथे उसनवारी डोळसपणे झाली. रोगाचे गणित घेताना ‘आपल्या विषयात माणूस थांबतो कशाने?’ हा प्रश्न त्यांनी नव्याने विचारला. व्हायरसच्या अभ्यासकांनाही असाच फेरफार करावा लागला. कोणीही कोणालाही सारख्याच सहजतेने भेटतो हे १९२७ चे गृहीत तिथे चालेना. लोक प्रोग्रॅम देत-घेत ते ओळखीच्या लहान वर्तुळात. ते ध्यानात घेतल्यावर व्हायरसचा वेगही कमी निघाला. जिथे जिथे कुणी फक्त रेघेचा आकार उचलला आणि हा प्रश्न विचारला नाही, तिथे गणित शोभेपुरते राहिले.

संगणकातली माणसे

कर्मॅक-मॅकेंड्रिक यांच्या काळी संगणक नव्हते, म्हणून लाखो माणसांना तीन खोल्यांत कोंबण्यावाचून गत्यंतर नव्हते. संगणक आल्यावर प्रत्येक माणूस वेगळा धरता येऊ लागला : त्याचे वय, घर, शाळा, रोजचा प्रवास. २००५ मध्ये नील फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी थायलंड आणि लगतच्या प्रदेशातली साडेआठ कोटी माणसे संगणकात वसवून, फ्लूची साथ उगमापाशीच अडवता येईल का ते पाहिले. मार्च २०२० मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या त्यांच्याच गटाने जाहीर केले, की काहीच उपाय केले नाहीत तर ब्रिटनमध्ये सुमारे ५ लाख १० हजार माणसे कोविडने मरतील. त्या एका आकड्याने अनेक देशांची धोरणे हलली.

आपल्याकडे आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल, आयआयटी हैदराबादचे एम. विद्यासागर आणि लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर यांनी ‘सूत्र’ हे प्रतिमान मांडले. २०२१ च्या उन्हाळ्यातली दुसरी लाट किती उंच जाईल, याचा अंदाज मात्र त्यातून बरोबर आला नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात देशात दिवसाला चार लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. आपले मोजमाप चुकले हे त्या शास्त्रज्ञांनी जाहीरपणे मान्य केले. मला त्या कबुलीत १९२७ च्या आकृतीखालची ती समज दिसली. चालू साथीत रोगच बदलतो, माणसांचे वागणे बदलते, बातमी ऐकून लोक घरात बसतात किंवा कंटाळून बाहेर पडतात. भाकीत ऐकून पाऊस आपली चाल बदलत नाही. माणूस बदलतो.

आणि याच ठिकाणी मला पुणे आणि उंडेरा ही दोन नावे शेजारी ठेवाविशी वाटतात. १८९७ मध्ये पुण्यात सरकारकडे सत्ता होती, सैन्य होते, रोग्यांना वेगळे करण्याचा हेतूही वैद्यकाला धरून होता. लोकांना माणूस म्हणून मोजायचे तेवढे राहिले. म्हणून लोकांनी रोगी लपवले आणि द्वेष वाढला. उंडेऱ्यात घर आणि कुटुंब हेच माप धरले गेले, आणि त्यातून जगाला लशीवर विश्वास ठेवायला कारण मिळाले. तिन्ही खोल्यांच्या समीकरणात विश्वास नावाची खोली नाही. पण माणसे पहिल्या खोलीतून थेट तिसरीत, म्हणजे लस घेऊन सुरक्षित, जातील की नाही हे तिच्यावरच ठरते.

नातीच्या प्रश्नाला मी शेवटी जे उत्तर दिले ते असे : गणिताला पुढचे कळत नाही. आपण जे धरून चालतो ते खरे असेल तर पुढे काय होईल, एवढेच ते सांगते. म्हणून आकडा ऐकला की आधी विचारावे, यात काय धरले आहे? मग विहिरीवर जाऊन पाहावे.

तिने लगेच दुसरा प्रश्न टाकला, “मग आपल्या घरात तेव्हा कोण गेलं?” याचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नव्हते. आजीकडून ऐकलेली दोन नावे मला माहीत आहेत. बाकीची तिच्याबरोबर गेली. मुंबईच्या नोंदवहीतला एकेक आठवडा कुणीतरी लिहून ठेवला म्हणून जगाला एवढे मोठे गणित मिळाले. आपल्या बडोद्याच्या जुन्या घरांत अजून पत्रे आहेत, वंशावळी आहेत, देवाच्या पोथीच्या मागच्या पानावर लिहिलेल्या तिथ्या आहेत. २०२० आणि २०२१ च्या आठवणी तर आपल्या सर्वांच्या ताज्या आहेत. या दहा दिवसांत घरातली वडीलधारी मंडळी एकत्र येतातच. कोणत्या वर्षी, कोणत्या घरी, कोण गेले, कोण वाचले, गावाबाहेर कुठे झोपड्या घातल्या होत्या, हे एका वहीत उतरवून घ्यावे. मी आमच्या घरची वही गणेश चतुर्थीला सुरू करणार आहे. पहिल्या पानावर ती दोन नावे असतील.